काळी, पांढरी आणि आपला प्लॉट

(परभणी येथील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ही व्याख्यानमाला भूगोलाच्या एका शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते. भूगोल म्हटलं की आपल्याला नद्या, डोंगर आणि राजधान्या आठवतात. आज मी कोणत्याही भिंतीवरच्या नकाशात न दिसणाऱ्या भूगोलाबद्दल बोलणार आहे. तो म्हणजे आपल्या घराखालचे पहिले साडेतीन मीटर.

मी माती तपासणारा अभियंता आहे. माझ्याकडे लोक साधारण तीन तक्रारी घेऊन येतात. खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरका तडा गेला. शोषखड्डा पावसाळ्यात भरून वर आला. अंगणातलं लिंबाचं झाड पिवळं पडलं. पहिल्या तक्रारीत गवंड्याला बोल लागतो, दुसरीत प्लंबरला आणि तिसरीत नर्सरीवाल्याला. तिघांची एकमेकांशी गाठही पडत नाही. पण खणून पाहिलं तर तिन्ही तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा एकच प्रश्न निघतो: या प्लॉटवर पडलेलं आणि सांडलेलं पाणी जातं कुठे?

आपल्या जुन्या गावांनी या प्रश्नाचं उत्तर जागा वाटून दिलं होतं. शेती काळीत, वस्ती पांढरीत. पांढरी म्हणजे एकाच उंचवट्यावर माणसं शेकडो वर्षं राहिल्यामुळे साचलेला थर. चुलीतली राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींची माती असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. अशा पांढरीच्या टेकाडांवरूनच पुरातत्त्वाचे अभ्यासक दख्खनमधल्या प्राचीन वसाहती ओळखतात. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाचं उत्खनन केलं, तेही अशाच टेकाडाचं. राखेचा आणि चुन्याचा हा थर काळीसारखा फुगत नाही, आणि उंचावर असल्यानं पाणी त्यावर ठरत नाही. घरासाठी त्याहून समजूतदार जागा आजूबाजूच्या शिवारात क्वचितच मिळाली असती.

पण जुन्या गावाचं कौतुक मी इथेच थांबवतो. त्या पांढरीत शौचालयं नव्हती, म्हणजे आजच्या विषयातला सर्वांत अवघड भाग गावानं हागणदारीवर ढकलला होता. आणि दगड-मातीच्या भिंतींवर मातीचं जाडजूड धाबं घालायची आपली पद्धत किती घातक होती, ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीनं दाखवलं. त्या छपरांच्या ओझ्याखाली हजारो माणसं गेली. पायाची जागा निवडताना दाखवलेलं शहाणपण छपरापर्यंत पोचलं नव्हतं.

आता आपण पांढरीतून बाहेर पडलो आहोत. शहराभोवती एन.ए. प्लॉट पडतात ते काळीत. दोन गुंठ्यांत, म्हणजे जेमतेम २०० चौरस मीटरमध्ये, घर, शौचालयाचा खड्डा आणि बाग अशा तिन्ही गोष्टी बसवायच्या असतात. घराला हवं असतं की पायाखालचा ओलावा बाराही महिने सारखा राहावा. शोषखड्ड्याला हवं असतं की पाणी झटपट मुरावं. झाडाला हवा असतो वाफसा, म्हणजे मुळांना पाणीही मिळावं आणि हवाही. गावानं ज्या कामांना वेगवेगळ्या जागा दिल्या होत्या, ती आपण एका मातीला एकाच कुंपणात करायला सांगतो.

ही माती आहे तरी कशी? महाराष्ट्राचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांवर, म्हणजे बेसाल्टवर उभा आहे. सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना खडक तोच, माती मात्र दोन टोकांची. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. त्या पाण्यानं खडकातला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बराचसा सिलिका धुऊन नेला. मागे राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. त्यातून तांबडा, सच्छिद्र जांभा तयार झाला. इकडे पठारावर पाऊस बेताचा आणि जमीन सपाट. धुऊन जायला हवं होतं ते इथेच राहिलं आणि त्यातून मॉन्टमोरिलोनाइट गटातली चिकणमाती घडली. देशात ७ कोटी हेक्टरांच्या आसपास काळी जमीन आहे आणि तिचा मोठा वाटा आपल्या राज्यात आहे.

या चिकणमातीचा कण म्हणजे एकावर एक बसलेले पापुद्रे. एकेक पापुद्रा जाडीला मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतका. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि पावसात भिजलेली वही फुगावी तसा प्रत्येक कण फुगतो. एक ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले, तर ते सात-आठशे चौरस मीटर भरतील. म्हणजे चिमूटभर मातीत सात-आठ गुंठे! एवढ्या पृष्ठभागावर ती पाणी आणि खतातलं सत्त्व धरून ठेवते, म्हणून पाऊस उघडल्यावरही कापूस तग धरतो आणि रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते. शेतकरी ज्या गुणासाठी काळीला भाव देतो, त्याच गुणापायी घर बांधणारा रडकुंडीला येतो.

उन्हाळ्यात काळी आकसते. हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या मीटरभर खोलही जातात. पावसाळ्यात ती फुगून भेगा मिटवते. ऋतूंप्रमाणे ओलावा कमी-जास्त होण्याचा हा खेळ आपल्याकडे साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालतो. म्हणूनच सुरुवातीला मी साडेतीन मीटर म्हटलं. एवढ्या थरात दोन-तीन फुटांवर पाया घातला की घर मातीबरोबर वर-खाली होणारच.

इथे एक गंमत ध्यानात घ्या. काळ्या मातीचा फुगवटा हलक्या घराला जास्त छळतो. उंच इमारतीचं वजन त्या दाबाला पुरून उरतं, आणि तिचा पाया बहुधा मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत गेलेला असतो. एकमजली बंगला, कुंपणाची भिंत, गॅरेजची फरशी यांच्यात तेवढं वजनच नसतं. घर बांधल्यावर मधल्या भागातल्या जमिनीला ऊन लागत नाही, तिथे ओल साचत जाते आणि खोलीच्या मधली फरशी वर येते. कडेची जमीन मात्र दर उन्हाळ्यात वाळते आणि दर पावसाळ्यात भिजते. मधलं आणि कडेचं असं वेगवेगळं हललं की दारं पावसाळ्यात घट्ट बसतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तडा निघतो. त्याच्यावर पुट्टी भरून रंग काढला की पुढच्या मे महिन्यात तो पुन्हा हजर होतो.

उपाय आहेत, आणि त्यातले मोठे उपाय इथलेच आहेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं पुढे आणलेल्या ‘अंडर-रीम्ड पाइल’मध्ये जमिनीत साडेतीन-चार मीटरचं भोक घेतात आणि तळाशी ते खांबाच्या सुमारे अडीच पट रुंद करतात. खालच्या स्थिर थरात खांबाचा तो फुगीर भाग अडकतो आणि वरची माती कितीही फुगली तरी खांबाला उचलू शकत नाही. खांबांवरची तुळईही जमिनीला टेकू देत नाहीत, मधे थोडी फट ठेवतात. दुसरा उपाय मुंबईच्या आय.आय.टी.तले प्रा. आर. के. कट्टी यांच्या कामातून आला. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा साधारण मीटरभर थर दाबून बसवला तर खालच्या मातीचा फुगवटा आटोक्यात राहतो. काळीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली हा थर वापरतात. मुरमाची भरती बहुतेक सगळे करतात, पण एक गोष्ट विसरतात. काळीत खड्डा करून त्यात मुरूम भरला आणि पाण्याला बाहेर जायची वाट ठेवली नाही, तर सगळ्या प्लॉटचं पाणी त्या मुरमात येऊन साचतं. पायाखाली आपण स्वतःच हौद बांधलेला असतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भिंतीलगत पाणी न येऊ देणं. घराभोवती दीड-दोन मीटरची उताराची फरसबंदी करावी, पन्हळीचं पाणी नळीनं लांब न्यावं, नळाचा सांडवा पायाशी नसावा. छपराचं पाणी जमिनीत मुरवणं चांगलंच आहे. पण काळीच्या प्लॉटवर मुरवणीचा खड्डा पायाला लागून खणला तर आपणच पायाची एक बाजू भिजवतो. तो प्लॉटच्या उताराच्या टोकाला हवा, आणि जमलं तर काळीचा थर ओलांडून मुरमात उतरलेला हवा.

पाण्यावरून जागा पारखण्याची रीत जुनी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त घराच्या जागेच्या दोन परीक्षा दिल्या आहेत. हातभर खड्डा खणून तीच माती परत भरायची. माती उरली तर जागा उत्तम, पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. याचा सरळ अर्थ असा की जमीन घट्ट असेल तर खणलेली माती मोकळी होऊन जास्त भरते. दुसरी परीक्षा अशी की खड्डा पाण्यानं भरायचा, शंभर पावलं चालून परत यायचं आणि पाणी किती उरलं ते पाहायचं. पाणी टिकलं तर जागा चांगली. घट्ट जमीन शोधायला ही युक्ती बरी आहे, पण आपल्या काळीत ती ऋतूप्रमाणे उलटसुलट उत्तर देते. मे महिन्यात पाणी भेगांतून गडप होतं आणि श्रावणात जागचं हलत नाही. शिवाय जे उत्तर घराला चांगलं, ते शोषखड्ड्याला वाईट.

म्हणून आजच्या पाझर-चाचणीत आधी खड्डा रात्रभर भिजवतात, म्हणजे भेगा मिटतात आणि जमीन पावसाळ्यातला स्वभाव दाखवते. मग पाण्याची पातळी २.५ सेंटिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजतात. भारतीय मानकानुसार ३० मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला तर शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटं लागली तर लांब, उथळ चर काढून पाणी पसरवावं. ६० मिनिटांच्या पुढे गेलं तर जमिनीवर विसंबू नये, गाळणीची वेगळी सोय करावी. या चाचणीला कुदळ, पट्टी आणि घड्याळ एवढंच लागतं. तरीही ती करून मग खड्ड्याची जागा ठरवणारी घरं फार थोडी.

सेप्टिक टँकबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसला आहे, की टाकी बांधली म्हणजे काम झालं. टाकीत गाळ बसतो आणि थोडा कुजतो. तिच्यातून बाहेर पडणारं पाणी घाणच असतं. ते खरं शुद्ध करते ती पुढची जमीन, आणि एका चौरस मीटर जमिनीला दिवसाकाठी किती पाणी झेपतं हे मातीवर ठरतं. आराखड्यासाठी धरले जाणारे आकडे पाहा: वाळूत ५० लिटर, पोयट्याच्या मातीत ३०, चिकण काळीत १०. पाच माणसांच्या घरात बादलीनं पाणी टाकायचं साधं शौचालय असेल तर दिवसाला साधारण ५० लिटर खड्ड्यात जातात. वाळूत त्याला एक चौरस मीटर भिंत पुरते, काळीत पाच लागतात. तेही जमतं. पण त्याच खड्ड्यात न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी सोडलं की दिवसाचे ५०० लिटर सहज होतात, आणि काळीत त्याला ५० चौरस मीटर भिंत लागेल. म्हणजे अर्ध्या गुंठ्याएवढी भिंत! एवढा खड्डा कोणी खणत नाही. मग तो भरतो, त्याची ओल पायाकडे सरकते आणि एका बाजूची भिंत उचलली जाते. तडा दाखवायला बोलावतात गवंड्याला. खड्डा कुठे आहे हे त्याला कोणी सांगतच नाही.

काळीत शोषखड्डा करायचाच असेल तर भिंतीबाहेर चहूकडून ३० सेंटिमीटर वाळू-खडीचं वेष्टन द्यावं आणि तो पायापासून शक्य तितका लांब ठेवावा. माझ्या मते आपल्याकडे दोन खड्ड्यांचं शौचालय अधिक बरं, कारण त्यात पाणी कमी जातं. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा. बंद ठेवलेल्या खड्ड्यातला मैला दीड-दोन वर्षांत कोरडं, वास नसलेलं खत होतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्राचे तेव्हाचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी असा खड्डा स्वतः उतरून रिकामा केला, तो हा संकोच मोडण्यासाठीच. आपल्याकडे आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत सोपी शौचालयं आणि मैल्याचं खत यांसाठी कितीतरी आधी आयुष्य वेचलं होतं.

कणकवलीचं नाव आलं म्हणून तिकडची उलटी अडचण सांगतो. जांभ्यात पाणी मुरत नाही अशी तक्रार कोणी करत नाही. उलट ते इतक्या वेगानं मुरतं की गाळून निघायला वेळच मिळत नाही. कोकणात विहीर घरालगत असते आणि मुंबईहून येऊन सुट्टीचं घर बांधणारा खड्डा सोयीच्या कोपऱ्यात घालतो. तो कोपरा विहिरीच्या वरच्या अंगाला आला तर वर्षभरात पाणी बिघडतं. तिथे खड्ड्याचा तळ बंद करून भोवती ५० सेंटिमीटर बारीक वाळूचं वेष्टन द्यावं लागतं, म्हणजे पाण्याचा वेग मंदावतो. मराठवाड्यात वेष्टन पाणी मुरावं म्हणून घालतात आणि कोकणात ते रेंगाळावं म्हणून. पुण्याच्या टेकड्यांकडे तिसराच प्रकार आहे. तिथे थोड्याशा मुरमाखाली लगेच कातळ लागतो. पाणी त्यावरून आडवं सरकतं आणि खालच्या शेजाऱ्याच्या तळघरात निघतं.

आता बाग. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी शोषखड्ड्यात घालू नये, असं मी म्हटलं. मग ते कुठे जाणार? आपल्या आज्यांनी ते परसात केळी, अळू आणि कर्दळीला सोडलं होतं. ही झाडं भरपूर पाणी पितात आणि ओल्या जमिनीत टिकतात. आजच्या प्लॉटवरही हाच मार्ग सरळ आहे, फक्त ते वाफे पायापासून दूर हवेत.

बाकी झाडांची अडचण समजून घेऊ. काळीत चुनखडी असते आणि तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. अशा जमिनीत लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. म्हणून लिंबू-मोसंबीची आणि गुलाबाची नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. घरधनी म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी घालतो. मग मुळांची हवा कोंडते आणि पिवळेपणा वाढतो. पाणी कमी करून शेणखत-पालापाचोळा घाला, लागेल तेव्हा लोहाची फवारणी करा आणि भाजीपाल्यासाठी जमिनीपेक्षा वीतभर उंच गादीवाफे घ्या. दोन घमेली वाळू टाकून काळी हलकी होत नाही. आणि ओल्या काळीत कुदळ घालू नका. वाफसा आल्यावरच हात लावा, नाहीतर ढेकळं विटेसारखी होतात.

घराजवळच्या मोठ्या झाडांचं काय? पिंपळ, वड, निलगिरी अशी झाडं उन्हाळ्यात पायाखालच्या काळीतून पाणी ओढतात आणि तेवढ्या बाजूची माती जास्त आकसते. पूर्ण वाढलेल्या झाडाची जेवढी उंची, तेवढं अंतर घरापासून ठेवावं, असा ढोबळ नियम आहे. दोन गुंठ्यांत एवढं अंतर मिळत नाही. अशी झाडं वसाहतीच्या मोकळ्या जागेत लावावीत, आणि म्हणून मोकळी जागा मोकळीच राहिली पाहिजे.

पाण्याला वाट नसली की क्षारांचाही त्रास होतो. जिथे कालव्याचं पाणी आलं आणि निचरा झाला नाही, तिथे जमीन चिबड होते आणि खालचे क्षार वर येतात. शेतात ती चोपण होते आणि गव्हाच्या दाण्याला कोंब फोडू देत नाही. घराच्या जोत्याला तेच क्षार लागले की आपण लोणा लागला म्हणतो आणि प्लास्टर उकलायला लागतं. अशा जमिनीत जिप्सम उपयोगी पडतं, पण आधी चर काढून पाणी बाहेर काढलं तरच. निचऱ्याशिवाय जिप्समचा खर्च वाया जातो.

आता शेवटचा मुद्दा, तुमच्या-माझ्यापेक्षा शासनासाठी अधिक. फेब्रुवारी २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. शेतकऱ्याला त्या पत्रिकेत १२ गोष्टी कळतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. योजना चांगली आहे. पण त्याच जमिनीचा प्लॉट पाडला की माती कोणी विचारत नाही. ती किती फुगते, किती वेळात पाणी मुरवते, मुरूम किती खोलीवर आहे, पावसाळ्यात भूजल किती वर येतं, हे चार आकडे घर विकत घेणाऱ्याला कुठेही मिळत नाहीत. खरं तर ते गावात विखुरलेले आहेतच. विहीर खणणाऱ्यांना आणि बोअर मारणाऱ्यांना मुरूम कुठे लागतो ते ठाऊक असतं. प्रत्येक मोठ्या इमारतीचा मातीचा अहवाल कुठल्या ना कुठल्या कपाटात पडून असतो. शिवाय जमिनींच्या सर्वेक्षणाचं मुख्यालय, राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो, आपल्याच नागपुरात आहे.

फुगवट्याची चाचणी तर दहावीच्या मुलांनाही करता येईल. वाळलेली, चाळलेली १०-१० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीची उंची पाहायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त भरली, तर पायाचा नीट विचार केल्याशिवाय वीट ठेवू नये.

माझी सूचना साधी आहे. बांधकाम परवान्याच्या अर्जात हे चार आकडे भरायची सक्ती करावी, आणि पालिकेनं ते जमा करून वसाहतवार नोंदवही सर्वांसाठी खुली ठेवावी. पाच-सहा वर्षांत शहराच्या जमिनीचा असा नकाशा तयार होईल की नवा प्लॉट घेणाऱ्याला आधी शेजारच्या प्लॉटचा अनुभव वाचता येईल. आणि तोवर, ज्यांचं भूमिपूजन ठरलं आहे त्यांनी मुहूर्ताच्या आठवडाभर आधी प्लॉटच्या तीन कोपऱ्यांत खड्डे घ्यावेत. एक पायाच्या जागी, एक शोषखड्ड्याच्या जागी आणि एक बागेच्या जागी. गवंडी, प्लंबर आणि माळी या तिघांना त्या खड्ड्यांपाशी एकत्र उभं करावं आणि पाणी कुठे जाणार ते तिथेच ठरवावं. तीन खड्डे खणायची मजुरी नंतरच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

परभणीत कृषी विद्यापीठ आहे, अभियंते आहेत, प्रयोगशाळा असलेल्या शाळा आहेत. ही नोंदवही सुरू करायला दुसऱ्या कुठल्या शहराची वाट पाहायचं कारण नाही. प्रश्न असतील तर जरूर विचारा. प्लॉटचा पत्ता सांगितलात तर उत्तर अधिक नेमकं देता येईल.